टर्बो गाडी, ई-२० आणि पुढचं इंधन: एका ट्यूनरचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या एका वाचकाकडे २०२१ची टर्बो-पेट्रोल हॅचबॅक आहे. वर्षभरापासून ॲव्हरेज उतरलंय, गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. हे ई-२० मुळेच का, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे? परदेशात लोक ई-८५ वर (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल) गाडी ट्यून करून भरमसाट ताकद काढतात, ते इथे जमेल का? आणि पुढची गाडी इलेक्ट्रिक घ्यावी, की ई-फ्युएल (विजेच्या मदतीने बनवलेलं पेट्रोल), हायड्रोजन वगैरेची वाट पाहावी?

शेवटून सुरुवात करतो. वाट पाहू नका. ही गाडी ई-८५ वर करू नका. आणि ई-२० च्या नावाने खडे फोडण्याआधी गाडी नीट तपासून घ्या. माझं रोजचं काम इंजिनांचं कॅलिब्रेशन आणि ट्यूनिंग आहे, त्यामुळे उत्तरात इंजिनाकडे कल झुकणार हे आधीच गृहीत धरा.

आधी ॲव्हरेज. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१. म्हणजे वीस टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा गेली. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातही, मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या चारचाकींच्या बाबतीत हाच ६-७ टक्क्यांचा आकडा होता. पण तुमची गाडी शुद्ध पेट्रोलवरून थेट ई-२० वर आलेली नाही. देशाने दहा टक्के मिश्रणाचा टप्पा २०२२ च्या जूनमध्येच गाठला होता, म्हणजे तुमच्या टाकीत साधारण तेव्हापासून ई-१० होतं. ई-१० ते ई-२० हा फरक तीन-साडेतीन टक्क्यांचा. सोळा देणारी गाडी साडेपंधराच्या आसपास यावी. तुमची तेरावर आली असेल, तर उरलेल्या अडीचचा हिशेब इथेनॉलकडे मागू नका.

आता ‘ओढत नाही’ ही तक्रार. इथे सोशल मीडियावरचा आरडाओरडा आणि इंजिनातलं रसायन यांचा मेळ बसत नाही. पेट्रोलला पूर्ण जळायला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई-१० ला सुमारे १४.१, ई-२० ला साडेतेरा आणि शुद्ध इथेनॉलला फक्त ९. इंजिनाची ताकद ते किती हवा आत घेतं यावर ठरते, आणि एक किलो हवेमागे मिळणारी ऊर्जा पेट्रोल आणि इथेनॉलची जवळपास सारखीच असते, इथेनॉलची किंचित जास्तच. एक्झॉस्टमधला लॅम्बडा (ऑक्सिजन) सेन्सर इंधन कमी-जास्त काय ते सांगतो, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो, आणि विषय मिटतो. पेट्रोल जास्त पितं हे खरं, पण पिकअप मरायचं कारण नाही. शिवाय ई-२० चा ऑक्टेन, म्हणजे नॉक (इंधन आपोआप पेटून इंजिनात होणारी ठोक) टाळायची क्षमता, ९५ आहे, जुन्या साध्या पेट्रोलचा ९१ होता. नॉक सेन्सर असलेल्या टर्बो इंजिनाला उन्हाळ्यात घाट चढताना याचा थोडा फायदाच होतो. अर्थात कंपनीच्या मॅपमध्ये (ईसीयूतल्या आकड्यांच्या तक्त्यात) टायमिंगला, म्हणजे ठिणगी किती आधी पडते त्याला, जेवढी वर जायची मुभा आहे तेवढाच. बाकीचा ऑक्टेन फुकट जातो, आणि हीच ई-२० ची खरी गंमत आहे: महागडं रेसिंग इंधन थोडं थोडं करून सगळ्यांच्या टाकीत ओतलं, पण त्याचा उपयोग करणारी इंजिनं मात्र रस्त्यावर अजून थोडीच आहेत.

मग तुमच्या गाडीला झालंय काय? पाचशे-हजारांचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (ईसीयूतले आकडे मोबाइलवर दाखवणारं यंत्र) घ्या आणि ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ हा आकडा बघा. मूळ मॅपच्या हिशेबापेक्षा ईसीयू किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतोय, ते यातून कळतं. उणे पाच ते अधिक पाच हे रोजचं. ई-१० वरून ई-२० वर आल्यावर तो तीन-चार टक्क्यांनी वर सरकतो, ते ठीक. दहाच्या वर गेला असेल तर दुखणं दुसरं आहे, आणि ते कुठे आहे हेही हाच आकडा सांगतो. गाडी जागेवर चालू असताना ट्रिम वर आणि हायवेवर सरळ असेल, तर कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरतेय: फाटका पाइप, सैल क्लॅम्प, इनटेकचं गॅस्केट. जागेवर ठीक आणि दाबल्यावर वर चढत असेल, तर पेट्रोल पुरत नाही: तुंबलेला फिल्टर, थकलेला पंप, घाण धरलेले इंजेक्टर. यातल्या फिल्टरच्या बाबतीत मात्र इथेनॉलकडे बोट दाखवता येतं. ते चांगलं सॉल्व्हंट आहे, टाकीत वर्षानुवर्षं साचलेला राळ सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये जाऊन बसतो. रबराची सीलं हा दुसरा मुद्दा. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे पार्ट ई-२० ला चालतील असे असणं बंधनकारक झालं, तुमची त्याआधीची. म्हणून वर्षातून एकदा फ्युएल लाइनचे जोड आणि ओ-रिंग बघायला सांगा, एवढीच दक्षता.

पंपावर नक्की काय मिळतंय अशी शंका असेल तर तपासायचा सोपा मार्ग आहे. शंभर मिलीचा काचेचा मोजपात्र-नळा घ्या. त्यात १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल. बूच लावून हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यात उतरतं आणि खालचा थर फुगतो. ई-२० असेल तर तो १० वरून २८ च्या आसपास जातो, कारण ९० मिलीतलं १८ मिली इथेनॉल खाली आलं. ३५ च्या पुढे गेला तर त्या पंपावर पुन्हा जाऊ नका. हे उघड्यावर करा, आसपास विडी-सिगारेट नको, आणि ते पेट्रोल परत टाकीत ओतू नका.

याच गुणधर्मामुळे पावसाळ्यात दोन-दोन महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत दमट हवा असते आणि इथेनॉल त्यातलं पाणी ओढून घेतं. कोकणात गाडी ठेवून मुंबईत राहणाऱ्यांनी तर जरूर.

जुन्या गाड्यांसाठी शुद्ध पेट्रोलचाही पर्याय पंपावर असावा, ही मागणी मला अजूनही रास्त वाटते. तशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली, तेव्हा तूर्त तरी आहे त्यातच भागवायचं आहे.

आता ई-८५, म्हणजे तुमच्या प्रश्नाचा रसाळ भाग. कोनिगसेग या स्वीडिश कंपनीची ‘येस्को’ साध्या पेट्रोलवर १२८० हॉर्सपॉवर देते आणि ई-८५ वर १६००. तेच इंजिन, तोच टर्बो. डॉजची २०२३ची ‘डेमन १७०’ ई-१० वर ९०० आणि ई-८५ वर १०२५. लिटरमागे ऊर्जा कमी असलेलं इंधन जास्त ताकद कशी देतं? तर थंडाव्यामुळे. माठाच्या अंगावरून पाणी उडताना आतलं पाणी गार होतं, तसं इथेनॉल वाफ होताना आजूबाजूची उष्णता शोषतं. किलोमागे पेट्रोलच्या अडीचपट, आणि तेवढ्याच हवेला किलोही दीडपटीहून जास्त लागतात. म्हणजे सिलिंडरमधला थंडावा जवळपास चौपट. त्यात ऑक्टेन १०८ च्या घरात. इंजिन ठोकत नाही, मग टायमिंग पुढे घ्या, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवा. ताकद येते ती इथून.

टर्बो इंजिनात पूर्ण दाबल्यावर टर्बाइन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू नये म्हणून मुद्दाम जास्त पेट्रोल ओतून आग थंड ठेवायची, ही ट्यूनरांची जुनी खोड. ते पेट्रोल जळत नाही, धूर होऊन जातं. प्रदूषणाचे नियम आता ही पळवाट बंद करत चालले आहेत. इथेनॉल तो थंडावा स्वतःच आणतं. म्हणून माझं मत असं, की निव्वळ इंजिनाच्या नजरेने बघितलं तर वेगवान गाडीसाठी इथेनॉलइतकं चांगलं इंधन दुसरं नाही, आणि पिकतं ते तुमच्या पंचगंगेच्या काठावर.

मग तुम्हाला नको का म्हणतो? पहिलं कारण इंजेक्शन. ई-८५ ला तीस-पस्तीस टक्के जास्त इंधन लागतं. तुमच्या इंजिनात डायरेक्ट इंजेक्शन असेल, तर कॅमशाफ्टवर चालणारा हाय-प्रेशर पंप मूळ ताकदीपेक्षा फार पुढे जायला बनवलेलाच नसतो. पूर्ण दाबलं की रेल प्रेशर (इंजेक्टरांना मिळणारा इंधनाचा दाब) कोसळतं, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि पातळ मिश्रण व वाढवलेला बूस्ट एकत्र आले की पिस्टन वितळतो. दुसरं, एक लिटरच्या इंजिनावरचा चिमुकला टर्बो वरच्या आरपीएमला आधीच दमलेला असतो. थंडावा मिळाला तरी हवाच नसेल तर त्याचं करायचं काय? तिसरं, गिअरबॉक्स: वाढलेली ताकद त्यालाही पेलायला हवी. चौथं, कायदा: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंधनाचा प्रकार परस्पर बदलता येत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं निमित्त मिळतं.

आणि पाचवं कारण बाकी सगळ्यांपेक्षा मोठं: मिळणार कुठे? मार्च २०२४ मध्ये इंडियन ऑइलने ‘इथेनॉल १००’ पाच राज्यांतल्या १८३ पंपांवर आणलं, त्यात महाराष्ट्रही आहे. यात ९३ टक्क्यांच्या आसपास इथेनॉल, थोडं पेट्रोल आणि एक को-सॉल्व्हंट असतं. पण ते कोल्हापूरहून पुण्याला जाताना भरवशाने सापडत नाही. आज ई-१००, उद्या ई-२०, परवा दोघांचं मिश्रण. अशा गाडीत फ्लेक्स-फ्युएल सेन्सर हवाच. हा छोटासा सेन्सर पेट्रोलच्या लाइनमध्ये बसतो, इंधनाच्या विद्युतगुणधर्मावरून इथेनॉल किती ते ओळखतो आणि ईसीयूला फ्रिक्वेन्सी पाठवतो: ५० हर्ट्झ म्हणजे शून्य टक्के, १५० म्हणजे शंभर. ईसीयू त्यावरून दोन मॅपांमधली जागा दर क्षणाला ठरवतो. ब्राझीलमध्ये फोक्सवॅगनने २००३ मध्ये पहिली फ्लेक्स ‘गोल’ आणली आणि आज तिथल्या साध्यासुध्या गाडीतही कुठलंही मिश्रण चालण्याची सोय असते. आपल्याकडे टोयोटाने २०२३ च्या ऑगस्टमध्ये इनोव्हा हायक्रॉसचं फ्लेक्स-फ्युएल रूप दाखवलं. कंपनीनेच बनवलेली, वॉरंटी असलेली फ्लेक्स टर्बो गाडी उद्या आली तर डोळे झाकून घ्या. घरगुती प्रयोग करू नका.

‘कारखान्याच्या डिस्टिलरीत ओळख आहे, तिथलं स्पिरिट मिसळलं तर?’ हे तुम्ही विचारलेलं नाही, पण कोल्हापूर-सांगली-नगरकडून कुणीतरी विचारतंच. एक्साइजचा गुन्हा हा भाग वेगळा. रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये पाच टक्के पाणी असतं, पेट्रोलमध्ये मिसळायला लागणारं इथेनॉल ९९.५ टक्क्यांच्या पुढचं, पाणी काढलेलं असतं. पाणी असलेलं स्पिरिट थोड्या प्रमाणात पेट्रोलमध्ये टाकलं की थर फुटतो, आणि टाकीतला पंप तळाचं, म्हणजे पाणी-मद्याचं मिश्रण उचलतो.

ई-फ्युएलबद्दल. कल्पना सुंदर आहे: विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढायचा, त्यात कार्बन डायऑक्साइड मिसळून मिथेनॉल करायचं, मिथेनॉलचं पेट्रोल. इंजिनाला काही कळतसुद्धा नाही, एक नटही बदलावा लागत नाही. पोर्शच्या सहभागाने चिलीच्या दक्षिण टोकाला, पुंता अरेनासजवळ ‘हारू ओनी’ प्रकल्प डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, कारण तिथे वारा बाराही महिने घोंघावतो. प्रायोगिक टप्प्याची क्षमता वर्षाला १ लाख ३० हजार लिटर. चाळीस लिटरच्या टाकीने मोजा: सव्वातीन हजार टाक्या, अख्ख्या वर्षाच्या. पोर्श वर्षाला तीन लाखांच्या आसपास गाड्या विकते.

उत्पादन वाढेल, पण विजेचा हिशेब वाढत नाही. शंभर युनिट विजेतून ई-फ्युएलच्या मार्गाने चाकापर्यंत तेरा-पंधरा युनिट पोचतात. तीच वीज बॅटरीत भरली तर सत्तर. हा फरक कारागिरीने भरून निघणारा नाही, प्रत्येक पायरीवर उष्णता जातेच. म्हणून रोज पन्नास किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्याला ई-फ्युएल कधीच परवडणार नाही. पण ज्याच्याकडे पोर्शची जुनी ९११ आहे आणि जी वर्षाला दोन हजार किलोमीटर चालते, त्याला दोनशे लिटर लागतात. त्याला लिटरचा भाव चौपट झाला तरी फरक पडत नाही. ई-फ्युएल त्याच्यासाठी आहे. युरोपने नव्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवरच्या २०३५ च्या बंदीत जर्मनीच्या आग्रहाने २०२३ मध्ये ई-फ्युएलला फट ठेवली, डिसेंबर २०२५ मध्ये युरोपियन कमिशनने शंभर टक्क्यांऐवजी नव्वद टक्के कार्बन-कपातीचा प्रस्तावही मांडला. त्यातून पेट्रोल इंजिनाला आयुष्य मिळेल, स्वस्त इंधन मिळणार नाही.

हायड्रोजन इंजिनात जाळायचा असेल तर त्याला दोनच शब्द: जागा नाही. ७०० बारला दाबूनही लिटरमागे पाच मेगाज्यूलच्या आसपास, पेट्रोलचे ३२. टोयोटाने २०२१ ला फुजीच्या चोवीस तासांच्या शर्यतीत हायड्रोजनवरची कोरोला उतरवली, ती भरायला पुन्हा पुन्हा थांबत होती. २०२३ ला उणे २५३ अंशांचा द्रवरूप हायड्रोजन वापरला, तर त्याचा पंप शर्यतीत ठरवूनच बदलावा लागला. आवाज मात्र खऱ्या इंजिनाचा, आणि अभियंता म्हणून मला त्या लोकांविषयी आदर आहे. पण तुमच्या पुढच्या गाडीशी याचा संबंध नाही.

शर्यतींचं जग मात्र इंधनाच्या बाबतीत पुढे असतं, ते बघावं. अमेरिकेत इंडियानापोलिसच्या शर्यतीत १९६४ च्या भीषण आगीनंतर पेट्रोल जाऊन मिथेनॉल आलं, २००७ पासून इथेनॉल, २०२३ पासून उसाच्या चोथ्यापासूनचं इथेनॉल मुख्य असलेलं नूतनीकरणीय इंधन. फॉर्म्युला वनने २०२६ च्या नियमांत शंभर टक्के शाश्वत इंधन घेतलं, पण त्याच नियमांत इलेक्ट्रिक मोटरची ताकद १२० वरून ३५० किलोवॅट केली आणि इंजिनाची सुमारे ५५० वरून ४०० वर आणली. इंधन कुठलंही असो, विजेची मोटर सोबतीला राहणार, हे तिथे मान्य झालंय. रस्त्यावर त्याचं चांगलं उदाहरण म्हणजे २०२४ ची ९११ जीटीएस: जेमतेम १.९ किलोवॅट-अवरची बॅटरी, टर्बोमध्येच बसवलेली छोटी मोटर, वजनात फक्त पन्नास किलोंची भर, ताकद ५४१ हॉर्सपॉवर. बूस्ट येण्याची वाट बघावीच लागत नाही. आपल्याकडच्या हायब्रिड मात्र ॲव्हरेजसाठी बनवलेल्या आहेत, त्यात मजा शोधू नका.

राहिली बॅटरी. सरळ रेषेत आता वादच उरलेला नाही. चाकणला बनणारी महिंद्राची बीई-६ घ्या. मोठ्या बॅटरीच्या मॉडेलमध्ये २८० च्या वर हॉर्सपॉवर, शंभरचा वेग सात सेकंदांच्या आत. त्याच्या आसपासच्या पैशांत चांगली टर्बो-पेट्रोल सेडान मिळते ती दीडशे हॉर्सपॉवरची. वळणावर मात्र वजन बोलतं. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकवर शाओमीची चार दारांची एसयू-७ अल्ट्रा पंधराशेच्या वर हॉर्सपॉवर घेऊन ७ मिनिटं ४.९ सेकंदात फेरी पूर्ण करते. पोर्शची ९११ जीटी-३ आरएस ५२५ हॉर्सपॉवरवर ६ मिनिटं ४९.३ सेकंदात. एक तिपटीने ताकदवान, दुसरी साडेचौदाशे किलोंची. ताकद विकत घेता येते, वजन फेकून देता येत नाही.

इलेक्ट्रिकची टेस्ट ड्राइव्ह घ्याल तेव्हा शोरूमच्या मागच्या रस्त्यावर एकदा दाबून ‘वा!’ म्हणत परत येऊ नका. गगनबावड्याच्या रस्त्याला न्या. चढावर लागोपाठ चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि पाचव्या वेळी पहिल्याइतकीच ओढते का ते बघा. बॅटरी किंवा मोटर तापली की गाडी न सांगता ताकद कमी करते. मग करूळ घाट उतरताना रीजनवर, म्हणजे वेग कमी करताना मोटरने बॅटरीत परत वीज भरण्यावर, लक्ष ठेवा. बॅटरी शंभर टक्के भरून वरून निघालात तर रीजनला वीज ठेवायला जागाच नसते, आणि दोन टन वजनाचा सगळा भार ब्रेक पॅडवर येतो. घाट उतरायचा असेल तर ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवरच निघावं.

माझा सल्ला, तुमचं बजेट मला माहीत नाही हे धरून: आहे ती टर्बो विकू नका. अशा हलक्या, छोट्या, हाताने चालवायला गोड पेट्रोल गाड्या पुढे नव्या मिळणं अवघड होत जाणार, आणि महिन्याला तीन-चारशे किलोमीटर मजेने चालवायची असेल तर ई-२० ने काही बिघडत नाही. रोजच्या धावण्यासाठी घरी चार्जिंग असेल तर दुसरी गाडी इलेक्ट्रिक घ्या. रीमॅपसाठी (ईसीयूचा मॅप बदलून ताकद वाढवायला) पैसे ठेवलेच असतील तर आधी चांगले टायर आणि ताजं ब्रेक फ्लुइड, ते जुनं असेल तर वाढलेल्या हॉर्सपॉवरचं काहीच करता येत नाही. त्यानंतरही हात शिवशिवत असतील तर ई-२० धरूनच सौम्य रीमॅप करणारा ट्यूनर शोधा. त्याला एवढंच विचारा, की तू बूस्ट वाढवणार की टायमिंग, आणि लॉग, म्हणजे गाडी चालवताना नोंदलेले सेन्सरचे आकडे, दाखवशील का. लॉग दाखवायला कां-कूं करणाऱ्याकडे गाडी सोडू नका.

स्कॅनरचे आकडे घ्याल तेव्हा इंजिन पूर्ण तापल्यावर घ्या, आणि जागेवरचा, साठच्या वेगाचा आणि चढावर दाबतानाचा, असे तिन्ही वेगवेगळे लिहून पाठवा. नुसता एक आकडा आला तर त्यावरून मलाही काही सांगता येणार नाही.